पूर्ण ऊन

माणूस नोकरीतून सुटला की घरात कशावर तरी गदा येतेच. कुणाच्या घरी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लागतात आणि साखर सापडेनाशी होते. कुणाच्या घरी चांगले चाललेले नळ दुरुस्त होतात आणि जन्मभर ठिबकत राहतात. रफूवाल्या काकूंच्या घरी गदा आली ती अंगणावर.

काकू रफू करायच्या. ठिगळ नव्हे हं, ठिगळ म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. कोटाला सिगारेटचं भोक पडलं, लोकरी कापडाला कसर लागली, की त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा उपसायचा आणि सुईनं उभा-आडवा विणून भोक असं बुजवायचं, की ज्यानं पाडलं त्यालाही शोधून सापडू नये. शहरातले चांगले चांगले शिंपी अवघड कामं त्यांच्याकडे पाठवायचे. या कामाला उजेड लागतो, पण ऊन चालत नाही. उन्हात गडद कापड डोळ्यांवर येतं आणि दिव्याखाली सगळे काळे सारखेच दिसतात. अंगणात बदामाचं मोठं झाड होतं, हातभर पानांचं, मजल्यावर मजला चढवावा तसं वाढलेलं. त्याच्याखाली स्टूल टाकून काकू वर्षानुवर्षं बसत आल्या होत्या. सकाळची कामं आवरली की बसायच्या, त्या उजेड कलला की उठायच्या. त्याला त्या झाड म्हणतच नसत, माझं दुकान म्हणत.

काकूंचे यजमान हवामान कचेरीत होते. सगळी हयात त्यांनी पारा वाचण्यात आणि वारा मोजण्यात घालवली आणि उद्या काय होईल ते सांगितलं. गल्लीनं त्यांचं नाव अंदाजराव ठेवलं होतं. अंदाजराव सकाळी फाटकात उभे राहून 'आज कोरडं' म्हणाले की समोरच्या बायका दोरीवरचे कपडे काढून आत न्यायच्या. यात त्यांचा अपमान करायचा कुणाचा हेतू नव्हता, अनुभव म्हणून न्यायच्या. अंदाजरावांना मात्र त्याचं काही वाटत नसे. ते म्हणत, "अंदाज बरोबरच होता. हवा चुकली."

तर निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत लेकीनं थंड देशातून फुलांचं बी पाठवलं. लेक तिकडे नांदत होती. वडील रिकामे बसून आईचं डोकं खातील एवढं तिला लांबूनही कळत होतं. पाकिटावर चित्र होतं. दगडी भिंतीचं बुटकं घर आणि त्याच्यापुढं फुलांची ही गर्दी. हॉलीहॉक, लार्कस्पर, स्वीट पी, पॉपी, कुणाचा पाय कुणाच्या पायात, कुणी कुणाच्या खांद्यावर रेललेलं. याला म्हणे कॉटेज गार्डन म्हणतात. कुणी मुद्दाम लावलेलं नाही, आपोआप उगवलंय असं दिसावं, म्हणून वर्षभर कंबर मोडेपर्यंत राबायचं, असा तो प्रकार.

"आपल्याकडे हे होणार का हो?" काकूंनी विचारलं. प्रश्न साधा होता. त्यांच्या गावी उन्हाळ्यात रस्त्याच्या डांबराला चपला चिकटायच्या.

"न व्हायला काय झालं? हवामानाचा अभ्यास असला की काहीही होतं," अंदाजराव म्हणाले. "बघ, पाकिटावर स्वच्छ लिहिलंय. पूर्ण ऊन."

मग काय, बदामापासून लांब, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथं सकाळी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत ऊन हटत नाही, तिथं त्यांनी वाफा खणला. शेजारी पांढऱ्या झडपांची एक लाकडी पेटी चार पायांवर उभी केली. कचेरीत असते तशी, आत पारा. रोज सकाळी झडप उघडायची, वाकून बघायचं, हुंकार द्यायचा आणि झारी घ्यायची. तीस वर्षांच्या सरासरीप्रमाणे हा महिना सौम्य आहे, असं त्यांनी काकूंना, दूधवाल्याला आणि समोरच्या दातांच्या डॉक्टरांना सांगितलं.

सरासरी सौम्य होती. महिना नव्हता. रोपांनी दोन-दोन पानं काढली आणि तिसरं काढायच्या आत उन्हानं त्यांची भाजणी केली. अंदाजराव म्हणाले, लाट आहे, ओसरेल. पुन्हा बी टाकलं. लाट ओसरली ती अशी, की भर दुपारी आभाळ काळं झालं आणि लिंबाएवढ्या गारा पडल्या. वाफा कांडून निघाला. गारांचा तर या महिन्यात संभवच नाही, असं अंदाजराव डोक्यावर घमेलं धरून ओरडून सांगत होते. तिसऱ्यांदा बी टाकलं. मग आठवडाभर असा वारा सुटला, की मातीच उडून डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर पेशंटला म्हणायचे, "चूळ भरा. शेजारची बाग आहे तोंडात."

काकूंना हसू यायचं. का येऊ नये? सगळा संसार त्यांनी या माणसाचे अंदाज ऐकत काढला होता. सहलीला निघताना छत्र्या घरी ठेवायला लावून भिजवणारा हाच माणूस आणि लख्ख उन्हात लेकीला रेनकोट घालून शाळेत पाठवणाराही हाच. काकूंच्या जिभेला धार होती आणि ती वापरायला त्यांना आवडायचं. 'तुमची फुलं उगवली की मला उठवा हो,' असं म्हणून त्या दुपारी घटकाभर आडव्या व्हायच्या. अंदाजराव पालथ्या घड्यासारखे. पाणी पडतं आणि निघून जातं. निदान काकूंना तसं वाटायचं.

आता गंमत बघा. तिसऱ्या पेरणीनंतर पाकिटाच्या तळाशी राहिलेला चुरा अंदाजरावांनी वैतागून बदामाच्या बुंध्याशी झटकला होता. टाकाऊ म्हणून. काकू रोज चहाचा कप विसळून पाणी तिथंच ओतायच्या. सुई कापडात खुपसून एक दिवस सहज खाली बघतात तर काय, पायाशी हिरवं उभं! लार्कस्परची जाळीदार पानं, आणि एक हॉलीहॉक तर स्टुलावर बसलेल्या काकूंच्या गुडघ्याला लागलं होतं. पुढच्या काही आठवड्यांत निळे तुरे आले. हॉलीहॉकनं बोंडासारख्या कळ्या धरल्या. वर बदामाची पानं छत्रासारखी, खाली ओल, मध्ये हा सोहळा. काकूंना फुलांचं वेड नव्हतं, पण खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटलं. काम करता करता मान वर केली की निळं दिसायचं.

अंदाजरावांना ते दिसल्यावर त्यांनी ताबडतोब श्रेय घेतलं. लेकीला फोटो गेला. उलट निरोप आला, की हॉलीहॉक फुललं की व्हिडिओवर दाखवा, सासूबाईंनाही बघायचंय. झालं. अंदाजरावांची छाती फुगली. आणि ज्या साहेबाला त्यांच्या खुर्चीत नेमलं होतं, त्या तरुण साहेबाला त्यांनी घरी चहाला बोलावलं. बाग दाखवायला!

तो आला. डॉक्टरही आले. अंदाजरावांनी दोघांना बुंध्याशी नेलं आणि कमरेवर हात ठेवून व्याख्यान दिलं. दाब कुठं कमी झाला, वारे कुठून वळले, आणि नेमका कधी पेरा करायचा हे आपण कसं ओळखलं. काकू स्टुलावर बसून एका पँटचा गुडघा विणत होत्या. ऐकून घेतलं, ऐकून घेतलं, आणि मग त्यांना राहवलं नाही.

"अहो साहेब," त्या तरुणाला म्हणाल्या, "ती पांढरी पेटी बघितलीत? त्यात पारा सावलीत बसवलाय. वारा लागेल, ऊन लागणार नाही, अशी बडदास्त. आणि रोपं बाहेर उन्हात भाजायला. रोज पाऱ्याला विचारायचं, बाबा रे, गरम होतंय का? तो म्हणतो, छे! आणि शेजारी रोपं मरतायत."

डॉक्टर फस्सकन हसले. चहा नाकात गेला त्यांच्या. काकूंना आणखी चेव चढला.

"जे यांनी लावलं ते मेलं आणि जे यांनी फेकून दिलं ते उगवलं. म्हणून म्हणते, तुम्ही कचेरीत हेच करा. अंदाज केला की फेकून द्या. उरेल ते खरं होईल."

तरुण साहेबानं हसू दाबायचा प्रयत्न केला, पण खांदे हलत होते. अंदाजरावही हसले. पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. काकूंनी ते बघितलं, आणि बघून सोडून दिलं. चारचौघांत टाळ्या मिळाल्यावर माणूस कुठं घरच्यांची तोंडं बघत बसतो!

पाहुणे गेले. अंदाजराव जेवले, कपडे बदलले, झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता म्हणाले, "बदाम काढायचा."

"काय काढायचा?"

"झाड. बुंध्याजवळची माती चांगली आहे हे सिद्ध झालंय. सावली असून रोपं एवढी आली. सावली काढली तर किती येतील, विचार कर."

 उंटावरचा शहाणा काकूंनी गोष्टीत ऐकला होता, तो घरच्या आरशासमोर साबण लावून उभा होता. "अहो, सावलीत आहेत म्हणून तर आहेत ना ती!"

"पाकिटावर पूर्ण ऊन लिहिलंय."

"पाकिटाला काय होतंय लिहायला? ते कुठं राहतं आणि आपण कुठं राहतो? तिकडचं पूर्ण ऊन म्हणजे आपली सकाळची सात वाजताची तिरीप."

"विज्ञान सगळीकडे सारखंच असतं."

"आणि मी? मी कुठं बसू?"

"घरात दिवे आहेत," अंदाजराव म्हणाले. "उद्या झाड नसेल."

आता इथं काकूंनी गप्प बसायचं होतं. किंवा सरळ म्हणायचं होतं, की काल माझं चुकलं, मी तुम्हाला पाहुण्यांदेखत बोलायला नको होतं. एवढ्यानं भागलं असतं. पण जिभेला सवय. त्या म्हणाल्या, "राहू द्या. तुम्ही उद्याचं काही सांगितलंत आणि ते झालंय, असं आजवर कधी घडलंय का?"

अंदाजरावांनी वस्तरा धुतला, पुसला, जागेवर ठेवला.  काकूंना वाटलं, आपण जिंकलो.

दुसऱ्या दिवशी झालेली कामं शिंप्याच्या दुकानात पोचवायला त्या गेल्या. शिंप्यानं नवं काम दिलं. एका वाजंत्र्याचा काळा कोट, कॉलरच्या वळणावर सिगारेटचं भोक. कोट जुना, चांगल्या लोकरीचा, बाहेरून अर्ध्या छटेनं विटलेला. शनिवारी त्याचा मोठा कार्यक्रम होता. "तुम्हीच कराल, काकू, दुसऱ्या कुणाच्या हाती मी देणार नाही," शिंपी म्हणाला. काकू खुशीत घरी आल्या. गल्लीच्या वळणावर त्यांना वाटलं की आपण चुकीच्या गल्लीत शिरलो. घरावर आभाळच आभाळ होतं.

अंगणात लाकडाचे ओंडके रचलेले. पानं पायाखाली चरचरत होती. कापणारे दोघे हात धुऊन निघालेच होते. बुंध्याचा कापलेला माथा ओलाकच्च, पिवळट, आणि त्याच्याभोवती निळे तुरे आणि हॉलीहॉक भर उन्हात उघडे पडलेले. अंदाजराव शेजारी उभे होते. "म्हटलं होतं ना," ते म्हणाले.

साऱ्या हयातीत हा एकच अंदाज खरा ठरला. तोही करवतीनं खरा करावा लागला.

 काकू आत गेल्या, मोरीचा नळ सोडला आणि त्याच्या आवाजात रडल्या. रागानं रडल्या, आणि अर्धा राग स्वतःवर होता. चार वाक्यांच्या टाळीसाठी आपण हे केलं, असं एकदा मनात आलं. मग आलं, की करवत काही माझ्या हातात नव्हती. दोन्ही खरं होतं, त्यामुळे रडणं लवकर थांबेना.

पण कोट तर करायचा होता. त्या दिव्याखाली बसल्या. आतल्या शिवणीतला धागा न विटलेला, खिशाच्या कडेचा थोडा विटलेला, पाठीच्या अस्तराखालचा आणखी निराळा. कुठला धागा कुठं खपेल ते दिव्याखाली कळेना, सगळेच काळे. अंदाजानं केलं. हो, त्यांनीही अंदाजानंच केलं! सकाळी दारात धरून बघतात तर कॉलरवर नाण्याएवढा गडद डाग. ज्याला दृष्टी नाही त्यालाही दिसावा असा. उसवलं. ओसरीवर बसून बघितलं, तर तिथं आता बदाम अडवायला नव्हता, ऊन थेट मांडीवर. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तंतू मोजता येईनात. पुन्हा उसवलं. भोकाच्या कडा मऊ पडायला लागल्या होत्या. लोकर काही कितीही वेळा उसवू देत नाही. आता एकदाच आणि नीट, नाहीतर कोट गेला, आणि कोटाबरोबर इतक्या वर्षांचं नावही गेलं. शिंपी काही बोलणार नाही, फक्त पुढचं काम पाठवणार नाही.

बाहेर बागेचं विज्ञान चालू होतं. पहिल्या दुपारी लार्कस्पर माना टाकून बसलं. दुसऱ्या दुपारी त्याचं गवत झालं. अंदाजरावांनी पाणी घातलं, दुप्पट घातलं, गोणपाट भिजवून टाकलं. हॉलीहॉकची पानं ओल्या फडक्यांसारखी लोंबू लागली, पण वरच्या दोन कळ्या अजून तग धरून होत्या. एकीच्या टोकाला गुलाबी रेघ दिसत होती. लेकीची सासू व्हिडिओसाठी थांबली होती. शेवटी अंदाजरावांनी कपाटावरून छत्री काढली. निरोप समारंभात कचेरीनं दिलेली, मोठी, काळी, दोन माणसं मावतील अशी. अंदाजरावांना त्यातली खोच तेव्हा कळली नव्हती. ती उघडून ते हॉलीहॉकवर धरून उभे राहिले. अकरा वाजले होते. घामाच्या धारा, डोक्यावर टोपी, हातात छत्री, आणि सगळी गल्ली गॅलरीत.

काकूंनी खिडकीतून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग स्टूल उचललं, कोट खांद्यावर टाकला, सुयांचा डबा घेतला आणि बाहेर गेल्या. बुंध्याच्या या बाजूला स्टूल ठेवलं, बसल्या, कोट मांडीवर पसरला.

"इकडे धरा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"छत्री. माझ्यावर. कापडावर ऊन नको, आणि माझ्या डाव्या बाजूनं उजेड यायला हवा. मागं सरा जरा. आणखी. हां, तिथं."

अंदाजराव छत्री धरून मध्येच थांबले. "अगं, आणि हे? एका दिवसाचा प्रश्न आहे. उद्या फुलेल ते."

"हा अंदाज आहे का?"

अंदाजरावांनी टोपी काढून घाम पुसला.

"मला शनिवारपर्यंत कोट द्यायचाय," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही. खोचकपणाही नव्हता त्यात, आणि अंदाजरावांना त्याचीच जास्त भीती वाटली. "माझी सावली होती. तुम्ही तोडलीत. मी बोलले म्हणून तोडलीत, हे मला कळतं. ते बोलणं माझं चुकलं. पण सावली तुम्ही तोडलीत. तर ती द्या."

छत्री एक होती. हॉलीहॉक आणि काकू यांच्यात हातभर अंतर होतं, आणि मधोमध धरून दोघांचंही भागेना. तेही त्यांनी करून बघितलं, काकूंच्या मांडीवर लगेच उन्हाचा पट्टा आला. काकूंनी सुई थांबवली आणि वर न बघता वाट पाहिली. अंदाजरावांनी त्या गुलाबी रेघेकडे एकदा बघितलं. मग छत्री काकूंवर आणली.

काकूंनी कोट उजेडात फिरवला. आता धागे वेगवेगळे दिसत होते. हा गडद, हा विटका, हा मधला. मधला त्यांनी उपसला, सुईत ओवला आणि पहिला तंतू उचलला.

समोरून डॉक्टर दवाखाना उघडायला निघाले होते. फाटकाशी थबकले. वर लख्ख आभाळ, खाली छत्री. "काय अंदाजराव, पाऊस येतोय की काय?"

एरवी अशा प्रश्नाला अंदाजराव पाव तास घेत. आज त्यांनी सावली कापडावर आहे ना, तेवढंच बघितलं. डॉक्टर थोडा वेळ हसत उभे राहिले, मग काकूंचा चेहरा दिसला तसे निघून गेले.

ऊन डोक्यावर आलं. हॉलीहॉकचा शेंडा हळूहळू वाकला आणि कळ्या जमिनीकडे तोंड करून राहिल्या. अंदाजरावांचा हात अवघडला. काकूंना ते सावलीच्या कडेवरून कळत होतं. सावलीची कड कापडावर हलत होती.  हा माणूस म्हातारा होत चाललाय, त्यांना वाटलं. पण विणीची सातवी ओळ चालली होती आणि ती सोडून चालण्यासारखी नव्हती.

"हात भरला असेल तर बदला," त्या म्हणाल्या. "छत्री न हलवता."

त्यांनी हात बदलला. बराच वेळ गेला. मग अगदी हळू आवाजात, लाजल्यासारखं, त्यांनी विचारलं, "अजून किती वेळ लागेल?"

"झाडानं कधी विचारलं नाही," काकू म्हणाल्या.

पुढच्या ओळीचा धागा ओढून घेत त्यांनी चष्मा वर सरकवला. अंदाजराव घसा खाकरून म्हणाले, "उद्या सकाळी मला डॉक्टरांकडे दाढ दाखवायची आहे."

"जा की," काकू म्हणाल्या. "अकराच्या आत या."